पंखा उतरवला नव्हता

आमच्याकडे चहाला आले तरी काका आधी टेबलावर बोटाचं पेर वाजवायचे. टक, टक. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि माझ्या बायकोला सांगायचे, "वहिनी, याचा पाय सुटून राहिलाय. आधी उतरवू, मग बोलू." तिकडे चहा निवायचा आणि काका टेबलाखाली.

असा एखादा तुमच्याही कॉलनीत असेल. घरात घेतला की काहीतरी खोलून ठेवणारा. आमचे काका कारखान्याजवळच्या पिपलानीत, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे मराठी हिंदीत बुचकळून काढलेली. कारखान्यात पस्तीस वर्षं ते ओतकामासाठी लाकडाचे नमुने घडवत होते आणि मी त्याच विभागात इंजिनियर. वयाने ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला कायम "साहेब" म्हणायचे. तेव्हा ते बरं वाटायचं. आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

निवृत्तीनंतर मी, पाठक आणि शर्माजी अशा तिघांनी विमान बांधायला घेतलं. खोटं नाही, खरंखुरं, दोन सीटचं. सुटे भाग मागवून गावाबाहेरच्या शेडमध्ये आम्ही ते जोडलं. बायको म्हणाली, "लोक काशीला जातात, तुम्ही डायरेक्ट वर जा." सहा वर्षं लागली, पण विमान उडालं. त्याचा प्रोपेलर लाकडी होता, पातळ पट्ट्या चिकटवून केलेला. काका त्याला पंखाच म्हणायचे.

काकू गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. सकाळी नऊच्या ठोक्याला स्कूटर शेडपुढे हजर. निघताना मात्र ते दोन्ही हातांनी पंखा हळूच फिरवून जमिनीला समांतर, आडवा करून ठेवायचे. "उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरून राहते, साहेब." आम्ही तिघे गालातल्या गालात हसायचो.

वाद सुरू झाला तो त्या पंख्याच्या ओव्हरहॉलवरून. तो उतरवून कंपनीकडे पाठवायचा म्हणजे तीन-चार महिने विमान जमिनीवर. मी पुस्तक उघडून दाखवलं. "काका, इतके तास उडाल्यावर ओव्हरहॉल करा, असं लिहिलंय. आपले निम्मेसुद्धा झाले नाहीत."

"तास झाले नाहीत, पण वर्षं किती झाली? मी घरी बसून आहे म्हणून माझं वय थांबलंय का?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी पंख्याच्या मध्यावर, बोल्टांच्या बाजूला बोट ठेवलं. "उन्हाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट ढिले होतात. ढिल्या बोल्टवर पंखा घासून जळतो. हे काळं दिसून राहिलंय ना?"

"तेल आहे हो ते."

"असेल. आधी उतरवू, मग बोलू."

नुसता उतरवून बघायला फार तर अर्धा दिवस लागला असता. पण त्या रविवारी आमचे जुने मोठे साहेब विमान बघायला येणार होते. ज्यांच्यापुढे मी आयुष्यभर फायली घेऊन उभा राहिलो, ते माझं विमान बघणार! पंखा उतरवला आणि खरंच काळं निघालं, तर काय दाखवायचं? नाक नसलेलं विमान?

आणि देखभालीच्या नोंदींचं लॉगबुकही मोठे साहेब चाळणारच. त्यात पंख्याच्या तपासणीचा रकाना रिकामा होता. आमच्या शेडचा नियम साधा होता, जो काम करील त्याने सही करायची; आणि पंख्याचं काम काकांकडे. कारखान्यात मात्र महिनाअखेरीला जॉबकार्डावर सही आधी आणि काम नंतर, हे सर्रास चालायचं. सगळे करायचे, काका सोडून. पस्तीस वर्षांत त्यांनी एकदाही असं केलं नाही, आणि हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शनिवारी मी त्यांच्यापुढे लॉगबुक ठेवलं. "उद्या इंजिन चालू करणार नाही, नुसतं दाखवायचंय. सोमवारी सकाळी आपण दोघं मिळून उतरवू. तेवढी सही करा."

त्यांनी आधी रिकाम्या रकान्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणून राहिले म्हणून." आणि सही केली. चष्मा पुसून, सावकाश, लहान मुलासारखी गोल अक्षरं काढत.

रविवारी मोठे साहेब आले, खूश झाले आणि म्हणाले, "अरे, आवाज तरी ऐकव!" बस्स. मी चढलोच आणि इंजिन चालू केलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते हात वर करून धावत येताना मला दिसले. इंजिनच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू आलं नाही, हे मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं. पण हात दिसला होता. मी इंजिनचा वेग वाढवला, आणखी वाढवला. विमान थरथरायला लागलं आणि पात्याचा तुकडा सुटून शेडचा पत्रा फाडून गेला. जाताना त्याने पाठकचा दंड चिरला. नशीब, टाक्यांवर निभावलं.

दुसऱ्या दिवशी मोडका पंखा उतरवला. सगळे बोल्ट ढिले, आणि त्यांच्याखालचं लाकूड जळून कोळशासारखं काळं झालेलं. शर्माजींनी लॉगबुक उघडलं. "काकाजी, ये साइन आपका है?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, नुसतं पाहिलं. जणू आता साहेब बोलतील. मी जळलेलं लाकूड निरखत राहिलो.

"हां, साइन मेरा ही है," काका म्हणाले.

शर्माजींनी शेडची चावी मागितली. काकांनी ती बाकावर ठेवली आणि स्कूटर हातानेच ढकलत फाटकापर्यंत नेली.

दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला, असं घरून ठरवून निघालो होतो. त्यांनी चहा केला. टेबलावर बोट वाजवलं नाही. बोलले एवढंच, "नवा पंखा आडवा ठेवून राहिले ना?" मी हो म्हणालो आणि चहा पिऊन परत आलो. काय माणूस आहे मी! पुढे ते मुलीकडे ग्वाल्हेरला गेले, आणि थंडीत तिथेच वारले. मुलीचा फोन आला. "बाबा शेडबद्दल फार बोलायचे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन लॉगबुक काढलं. त्यांच्या गोल अक्षरांतल्या सहीखाली लिहिलं, 'पंखा उतरवला नव्हता. सही मी मागून घेतली.' खाली माझी सही केली आणि ते पान दोघांपुढे ठेवलं. शर्माजी वाचून बाहेर निघून गेले. पाठक दंडावरचा व्रण चोळत राहिला.

"हे काकांना कधी बोलून दाखवलंस?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो. नवा पंखा उभाच राहिला होता. तो मी आडवा केला.