पाचवा हात

दोन-तीन वर्षं मी इथे लोकांचे भुताचे अनुभव नुसती वाचत आले आहे. खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी नेमकी स्मशानापाशी बंद पडते... आणि मी मनात म्हणते, बाबा रे, आधी बॅटरी तपास. फोटोच्या धंद्यातल्या माणसाला भुतं दिसत नाहीत. पांढरा ठिपका म्हणजे लेन्सवरची धूळ आणि धूसर आकृती म्हणजे कुणीतरी हललेलं, एवढं साधं असतं ते. लोक मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात, "हे बघा, मागे कोण उभं आहे," आणि मी त्यांना मागचा पडदा दाखवून परत पाठवते. त्यामुळे आज हे लिहायला बसले आहे याचा मलाच राग येतोय, हे आधी सांगून टाकते.

मी झाशीची. आमची माणसं सात-आठ पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली, तेव्हा मराठीत हिंदी डोकावली तर चालवून घ्या. सीपरी बाजारात एका होजिअरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. आधी पासपोर्ट आणि लग्नं करायचे, आता बरीच वर्षं मुख्यतः मॅटर्निटी शूट. गरोदर बायका, लांबलचक गाऊन, फुलांचे दागिने, आणि कुठे हात ठेवावा ते न कळणारे नवरे. बबीनाहून फौजींच्या बायका येतात, रेल्वे कॉलनीतून येतात, गावातून येतात. माझी एक पोझ इथे फार चालते - 'हातावर हात'. त्यात चेहरे नसतात. फक्त पोट, आणि त्यावर घरच्यांचे हात, एकावर एक.

या पोझची एक कटकट आहे. लोक अख्खं खानदान घेऊन येतात आणि फ्रेममध्ये कुणा भाच्याचा, पुतणीचा हात घुसतोच. त्यामुळे जादाचे हात पुसणं हे माझं रोजचं काम. ब्लाउजची पट्टी, स्ट्रेच मार्क्स, इंजेक्शनचा निळा डाग... आणि हात.

मागच्या हिवाळ्यात ओरछा गेटकडच्या एका मराठी घरातली सून आली. तिला मृणाल म्हणू. माहेर रेल्वेतलं, वडील भुसावळहून बदलून इथे आलेले. सातवा महिना होता. बरोबर नवरा आणि सासू, बस, तिघंच. मध्ये कपडे बदलायचे असतात म्हणून मी दाराला आतून कडी घातली होती.

सासूबाईंनी डोहाळजेवणाच्या दोन वाट्या आणल्या होत्या. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी घरी होता, पण गर्दीत फोटो नीट येत नाहीत म्हणून तेवढा फोटो इथेच हवा होता. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते - झाकलेल्या दोन वाट्या ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी, आणि गरोदर बाईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळी गंमत असते. मृणालने डावीकडची उघडली. पेढा निघाला, सासूबाई प्रसन्न. दुसऱ्या वाटीच्या झाकणावर लाईट चमकत होता म्हणून मी ती जरा फिरवायला उचलली, तर झाकण सरकलं. तिच्यातही पेढाच होता.

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"ठेव गं ती," त्या म्हणाल्या. "शुभकार्यात उगाच खोट कशाला? आम्हाला ठाऊक आहे काय ते."

कसं ठाऊक, हे तिथेच विचारायला हवं होतं. कायदा आहे, जागोजागी पाट्या आहेत. पण आमच्या धंद्यात हे कळतंच. ज्यांना ठाऊक नसतं ते बाळाचे मोजे दोन्ही रंगांचे आणतात. या लोकांनी फक्त निळे आणले होते. आणि मी काय केलं? लाईट फिरवला आणि म्हणाले, चला काकू, आता हातावर हात घेऊ.

मृणालला स्टुलावर बसवलं. हिरवी साडी. पोटावर तिचे दोन्ही हात, त्यावर नवऱ्याचा, त्यावर सासूबाईंचा.

"दीदी, आई की अंगूठी दिखनी चाहिए," नवरा म्हणाला.

अंगठी दिसेल असे हात लावून दिले आणि नऊ फ्रेम घेतल्या. मध्येच मृणाल एकदम गप्प झाली. नजर समोर, श्वास धरलेला. मी म्हटलं, छान, अशीच राहा. तिची डावी करंगळी जरा बाजूला गेली होती. ती आत घे म्हणून मी दोनदा सांगितलं, तिने घेतली नाही. खाली ऑटोवाल्यांचे भोंगे चालू होते, मला वाटलं ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला बसले. नवापैकी चौथी फ्रेम निवडली, मोठी केली आणि नेहमीसारखी साफ करायला घेतली. ब्लाउजची पट्टी काढली. इंजेक्शनचा डाग काढला. पोटाच्या खालच्या अंगाला, पदराच्या चुण्यांतून एक छोटा हात आला होता आणि त्याने मृणालची करंगळी मुठीत धरली होती. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा असावा. ही माणसं पोरांना आवरत का नाहीत, असं मनात म्हटलं आणि तो पुसला. करंगळी त्याच्या मुठीत झाकली गेली होती, ती दुसऱ्या हाताच्या करंगळीवरून बनवून बसवली. बाकीच्या आठ फ्रेम मी नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. दिवसाला तीन-तीन कुटुंबं येतात, कुणाबरोबर पोरं होती आणि कुणाबरोबर नव्हती हे डोक्यात राहत नाही. अल्बम छपाईला गेला, मूळ फायली उडवल्या, कार्ड पुसून पुढच्या शूटला वापरलं. डिस्क कायम भरलेली असते, म्हणून मी असंच करते.

तीन आठवड्यांनी मृणाल एकटी आली. सकाळचे अकरा वाजले असतील. तपासणी करून परत जाताना ऑटो खाली थांबवून वर चढून आली होती, धापा टाकत. तिने अल्बम उघडला आणि त्या फोटोवर बोट ठेवलं.

"ताई, ही माझी करंगळी नाही आहे."

"तुझीच आहे गं. जराशी साफ केलीय."

"इथे कोणी होतं ना?"

तेव्हा मला आठवलं. कडी. तिघंच माणसं. पोटावर चार हात. मी त्या हाताबद्दल कुणाशी बोलले नव्हते, बोलण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं.

"मला आधी वाटलं बाळ हललं," ती म्हणाली. "मग समजलं, बाहेरून आहे. कोणी पकडलं होतं. गरम हात होता, ताई. मी खाली बघितलं नाही. बघितलं तर सोडून देईल असं वाटलं."

मग तिने सांगितलं. रडली नाही, भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात तिला गाडीत बसवून कुठेतरी लांब नेलं. "सगळ्यांना सांगितलं, अपने आप गिर गया. माझ्या मम्मीला पण तेच माहीत आहे. मुलगी होती. असती तर आता सव्वादोन वर्षांची झाली असती." पुढे म्हणाली, "तेव्हा माझा एक पण फोटो नाही काढला कोणी. ह्या वेळी आधी तपासलं, मग म्हणाले फोटोशूट कर."

मी पोलिसांचं नाव काढलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. "मला त्याच घरात राहायचं आहे, ताई."

मग ती विचारायला लागली. हात कसा होता? गोरा की सावळा? नखं कशी होती? बोटं माझ्यासारखी लांब होती का? मी त्या हाताकडे हात म्हणून बघितलंच नव्हतं. डाग म्हणून बघितलं होतं.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. डिस्क उलटीपालटी केली. कार्ड घेऊन डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे गेले. त्यावर एव्हाना इतक्या जणांचे फोटो येऊन गेले होते की, "मॅडम, इसमें अब कुछ नहीं है," म्हणाला. मृणालला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच परत घाला ना. पुसता येतो, तर घालता पण येत असेल."

मी घातला. जुन्या शूटमधून एका मुलीचा हात शोधला, त्याच वयाचा. लाईट जुळवला, सावली दिली, करंगळीवर मूठ बसवली. आयुष्यात इतकं नीट काम मी केलेलं नाही. ती आली, नववा लागला होता, बसायलाही त्रास होत होता. स्क्रीनच्या अगदी जवळ चेहरा नेऊन ती बघत राहिली.

"छान केलंय, ताई," शेवटी म्हणाली. "पण ही दुसऱ्या कोणाची मुलगी आहे." आणि उठता उठता, "काढून टाका हिला. हिच्या मम्मीला समजलं तर वाईट वाटेल."

त्यानंतर ती आली नाही. मुलगा झाला. सासूबाईंचा बाळाच्या शूटसाठी फोन आला तेव्हा मी तारीख नाही म्हणाले. तोंडावर काही बोलायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती, आणि त्या चिडीतूनच हे लिहितेय.

आता तुम्ही सांगाल, दुसऱ्या शूटची फाईल मिसळली असेल. नाही, साडी तीच होती आणि सासूबाईंची अंगठीही तीच. दमलेले डोळे म्हणाल, तर मग ती करंगळी मला नव्याने का बनवावी लागली? तिच्या मनाचे खेळ म्हणाल, तर माझ्या स्क्रीनवर काय होतं? माझं हे सगळं स्वतःला विचारून झालं आहे. आजही भुतांवर माझा विश्वास नाही, आणि तरी तो हात कुठून आला हे मला सांगता येत नाही. कसा गेला, तेवढं सांगू शकते. दीड मिनिट लागलं असेल. मध्ये मी चहाचा एक घोटही घेतला होता.