साठच्या वर पळवा

हौसेने स्पोर्टी डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि सहा महिन्यांतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, “साहेब, धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचलीय. सलग वीस मिनिटं साठच्या वर पळवा, जळून जाईल.”

माझं डोकंच फिरलं. अरे, भिवंडीत साठ? आमच्या अंजूर गावाहून निघालं की पुढे कंटेनर, मागे कंटेनर. चालत निघालेला माणूस माझ्याआधी शेजारच्या कोन गावाला पोचेल!

त्या दिवशी घरी येतानाही तासभर एकाच कंटेनरच्या मागे शिव्या घालत रांगत होतो. अखेर अंजूरला तो वळला आणि एका गोदामाच्या फाटकात शिरला. ते गोदाम आमच्या शेतावर उभं आहे. ते शेत विकूनच मी ही गाडी घेतली होती.