कडक उपास

मार्तंडराव जकात नाक्यावर कारकून होते, हे निवृत्तीनंतरही ते कुणाला विसरू देत नसत. ट्रकवाल्याने 'संत्री आहेत' म्हटलं, की हे तळातली पेटी उघडायला लावायचे. पुढे नाका बंद झाला, पण स्वभाव काही निवृत्त होईना. दूधवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो की सख्खा जावई, विश्वास म्हणून कुणावर नाही.

अशा माणसाची बायको इस्पितळात पडली, म्हणजे विचारायलाच नको. यमुताईंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि मनीषनगरातल्या एका खासगी इस्पितळात ऑपरेशन ठरलं. मार्तंडरावांनी सलाइनच्या बाटलीवरची तारीख चष्मा पुसून वाचली. दुसऱ्यांदा रक्त काढायला आले, तर "काहून? पहिलं सांडलं काय?" म्हणून सिस्टरला हटकलं. त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. डॉक्टर चालता चालता अर्धं उत्तर द्यायचे, आणि सिस्टर 'सरांना विचारा' म्हणून मोकळ्या व्हायच्या. धड कुणी सांगेना, आणि यांचा संशय फुगत गेला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी केरळची सिस्टर आली. तिचं मराठी अजून कच्चं. "आज आजीचा उपास. कडक उपास," एवढं सांगून ती पुढच्या खाटेकडे पळाली.

मार्तंडराव तडक घरी गेले आणि सुनेकडून साबुदाण्याची उसळ करवून घेऊन आले. वर भरपूर दाण्याचं कूट.

"मले तं वाटते, काहीच खायचं नसते," यमुताई म्हणाल्या.

"उपासाले साबुदाणा चालते वं! तुले उपाशी ठेवून राहिले ते सलाइन लावाले. बिल वाढते ना! मले काय समजत नाही? खा."

यांच्याशी वाद घालून काही होत नाही, हे यमुताईंना संसारभर पुरतं कळलं होतं. त्यांनी खाल्लं.

दुपारी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळपासून पोटात काही नाही ना?"

"काहीच नाही. कडक उपास," मार्तंडराव छाती काढून म्हणाले. "फक्त उसळ."

डॉक्टरबाईंनी स्ट्रेचर तिथंच थांबवलं. "आज ऑपरेशन नाही. उद्या."

"वाटलंच मले! एक दिवस वाढवाचा डाव आहे हा. साबुदाण्यानं कोणाचं काय बिघडलं आजपर्यंत?" सगळा मजला ऐकायला उभा राहिला.

"काका, भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "उसळीचं तुम्ही बोलला नसता, तर काकूंच्या जिवावर बेतलं असतं." मग स्ट्रेचरसोबत आलेल्या सकाळच्या सिस्टरकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि हे त्यांना नीट समजावणं आपलं काम होतं. कुणी समजावलं?"

मार्तंडराव बाकावर बसले. आपल्याच हाताने आपण हिला मारायला निघालो होतो! त्यांना भीती वाटली, आणि भीतीहून जास्त शरम. संध्याकाळी ते माफी मागायला म्हणून यमुताईंच्या उशाशी बसले. पांघरूण तेवढं सारखं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी सिस्टर आली. खाटेशेजारी बसलेल्या मार्तंडरावांना तिने विचारलं, "आजोबा, आजींना काही खायला दिलं नाही ना?"

मार्तंडराव उत्तर देणार, तोच यमुताई कोपरावर रेलून उठल्या.

"याइले नका विचारू, सिस्टर," त्या म्हणाल्या. "मले विचारा."