पोट न फाडलेली मरळ

नागपूरला गाडीतून उतरलो तेव्हा थर्माकोलची पेटी छातीशी धरली होती. आठवीत शाळा सोडून गुहागरला मासे निवडणाऱ्या मला माशांवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी कामावर घेतलं, हे उपकारच. चूक झाली तर परत पाठवतील, ही धास्तीही होती. शेतात फवारलेली काही औषधं वर्षानुवर्षं जिरत नाहीत, पाण्यातून माशांच्या चरबीत साठतात. ती शोधायची होती. मॅडम चंद्रपूरला थांबल्या. मला सावली तालुक्यातल्या एका गावातून अख्खे मासे आणायला धाडलं.

वैनगंगेपर्यंत नुसतं धान, आणि हवेत फवारणीचा वास. काठावर जाळी विणणाऱ्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. कोणाच्या तक्रारीवरून आलास, असं एकाने विचारलं. खरं सांगितलं, पण कोणाला पटलं नाही. शेवटी सुशीलाबाई नावाच्या वयस्कर बाईंनी मासे द्यायचं कबूल केलं.

संध्याकाळी त्यांनी मरळी (काळपट, सापासारख्या डोक्याचे मासे) हातात ठेवल्या, त्या पोट फाडून, हळद-मीठ लावून. चरबी, काळीज सगळं गेलेलं. औषधाचा पुरावा लपवण्यासाठीच काढलं, असं मला वाटलं. आणि मी तसं बोलूनही बसलो.

"काऊन रे बापू, तुह्या गावाले पाव्हण्याले घाणीसकट मासा देतेत का?" बाई म्हणाल्या.

सगळे हसले. मग कळलं, इथे पाहुण्याला मासा साफ करूनच देतात.

मासे अख्खेच का लागतात ते समजावलं आणि मुक्काम वाढवला. सकाळी बाईंनी घमेल्यात तीन जिवंत मरळी आणल्या. "घे, पोट नाई फाडलं. पण काई निंघालं त पयले मले सांगजो. बजारात आधी कळलं त आमचा मासा कोनी घेनार नाई."

मी शब्द दिला.

काही महिन्यांनी मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. चरबीत औषध होतं. गावातला एकमेव फोन मासे विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात, म्हणून रजा काढून पुन्हा गाडीत बसलो. बाई काठावर एकट्या सापडल्यावर हळूच सांगितलं. मला वाटलं, बाजाराचं विचारतील.

"घरचे लेकरं रोज हेच खाऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "आज त्यायले काय वाढू?"

परतीच्या गाडीत मी सोबत नेलेला अहवाल पुन्हा उघडला. त्यात तेवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.