वारं आल्याशिवाय

देवीपुढे हात जोडायचे ते बायकोच्या समाधानासाठी, असा तेव्हा माझा खाक्या होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. तिला दिवस गेले होते आणि मला उडायचे वेड लागले होते. कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपला जुना हँग ग्लायडर मला स्वस्तात देऊन गेला. नवा घ्यायची माझी ऐपत कुठली! अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यांना ताणून धरणाऱ्या तारा आणि ठिगळे लावलेले कापड, एवढाच तो संसार. इंदुरीच्या माळावर धावत, पडत, गुडघे फोडून घेत मी जरासा तरंगायला शिकलो. आता डोंगराच्या कड्यावरून झेप घ्यायची होती. "आधी देवीला विचारा," एवढेच बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मंगळवारी डोंगर चढलो. कड्याजवळच देवीचे देऊळ. आत गर्दी होती, म्हणून म्हटले, आधी ग्लायडर जोडून घेऊ. बाहेर वाडीतली एक म्हातारी बसली होती. सहज विचारले, "मावशी, वारं कसं आहे?"

"आजून न्हाई आलं."

माझ्या गालाला तर छान झुळूक लागत होती. "थोडं आहे की!"

"न्हाई म्हंते ना! आल्याबिगर कुटं निगालास? बस हितं."

डोंगरातल्या माणसाला वरचे वारे कळत असेल, म्हणून मुकाट बसलो. रिकामे हात ग्लायडरवरून फिरू लागले. पुढच्या टोकाशी, जुन्या मालकाने गुंडाळलेल्या पट्टीखाली, बोटाला काहीतरी टोचले. पट्टी सोडली. आतली तार तुटत आली होती, दोन-तीन बारीक पदरांवर कशीबशी तगून होती. समोर दरी होती. मला बायकोचे भरलेले डोळे दिसले.

इतक्यात देवळात हलगी घुमली. मावशी लगबगीने उठली. "आलं बग! भगताच्या अंगात वारं आलं. चल, देवीला काय इचारायचं ते इचार!"

ती कोणत्या वाऱ्याबद्दल बोलत होती, ते मला तेव्हा कळले. आधी हसू फुटले, मग रडू आवरेना. आत जाऊन भगतापुढे गुडघे टेकले. माझ्या पाठीवर हात ठेवून मावशीच म्हणाली, "आये, लेकराला रडू दे."

ग्लायडर खांद्यावर टाकून त्या दिवशी मी पायीच उतरलो. नवी तार घालून त्याच कड्यावरून उडालो तेव्हा खाली माळावर बायको आमच्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती.

अजूनही प्रत्येक तारेवरून बोट फिरवतो. वारा चांगला असला तरी क्षणभर थांबतो. "आई, आलीस का?" एवढे विचारतो, आणि मगच धावत सुटतो.