नलूअक्काची शिलाई

ब्लाउज शिवायला बाई आली की नलूअक्का आधी पिशवी बघायची, मग बाईकडे. पिशवी धुळ्यातल्या त्या मोठ्या साडीवाल्याची असली, तर हात न लावता लाकडी फूटपट्टीनं ती टेबलावरून मागे ढकलायची. "हाई मना टेबलवर नको ठेवू," एवढंच म्हणायची. समोर वकिलीणबाई असो की भाजीवाली, सुरात फरक नाही.

सोनगीरहून लग्न होऊन आलेली, नवरा लवकर गेलेला, मशीनवर दोन मुली उजवलेली ही आमची शेजारीण. गेल्या वर्षी ती गेली. गल्लीतल्या आम्हा पोरींचं शाळेच्या युनिफॉर्मपासून सगळं तिच्या हातचं. माप एकदाच घ्यायची, पुढं नुसतं बघून सांगायची, "वजन वाढनं शे तुनं. लाडू कमी कर."

त्या दुकानाशी तिचं वाकडं का, हे गावाला ठाऊक होतं. शेठची सून लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जळून मेली. गॅसचा भडका, म्हणे. बापलेक आत गेले, साक्षीदार फिरले, बापलेक बाहेर आले. दुकानावर आणखी दोन मजले चढले आणि उद्घाटनाला मुंबईहून मालिकेतली नटी आणली. पडद्यावर सुनेचा छळ सोसून घरोघरी नाव झालेली ही बया, सुपारी घेऊन त्याच शेठच्या शेजारी दात काढत उभी. आणि खाली कोण? मी. तीन तास उन्हात, मोबाइल उंच धरून. आज आठवलं तरी स्वतःची किळस येते. अक्कानं त्या दिवसापासून ती मालिका बंद केली. नटीच्या जाहिरातीतला साबणही घरातून हद्दपार केला.

बायका म्हणायच्या, मेलेली काही परत येणार आहे का, आणि व्हरायटी तर तिथंच मिळते. शी! माणूस जळालं, तरी यांना व्हरायटी हवी. अक्का वाद घालायची नाही. "मी मनं पोट भराले शिवस. त्यानं नाव चमकाले नही," म्हणून मशीन सुरू करायची. गिऱ्हाईक गळत गेलं, कारण अर्धं शहर तिथूनच साड्या घेत होतं. शेवटी अक्काकडे जुन्या साड्यांचे फॉल आणि गोधड्या उरल्या. आई तिला समजवायला गेली, एवढं ताणू नये म्हणून. अक्कानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि आईला परत पाठवलं.

मग माझं लग्न ठरलं. सासर दोंडाईचाचं. लग्नाच्या साड्यांचा बस्ता त्याच दुकानात बांधायचा, हे सासूबाईंनी आधीच पक्कं केलेलं. मीही त्यांच्याबरोबर गेले. शेठनं स्वतः गादीवर बसून शालू उलगडला, आम्हाला पेढे दिले. मी तो पेढा खाल्ला. चांगला होता, हे आणखी वाईट.

ब्लाउज मात्र मला अक्काच्याच हातचा हवा होता. दुसऱ्या कुणाचा अंगावर बसायचाच नाही. मग मी शालूवरचं ब्लाउजचं कापड दुसऱ्याच एका दुकानाच्या पिशवीत घातलं आणि मामानं सुरतहून आणलं म्हणून तिच्यापुढं ठेवलं. अक्कानं जरीवरून बोट फिरवलं. "सुरतनं काम येगळंच शे," म्हणाली. ब्लाउज असा शिवला, की सगळ्या मैत्रिणींनी पाठीचे फोटो काढले.

आमच्याकडे लग्नात माइकवरून मान्यवरांचे सत्कार केल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आमदाराचा झाला, सरपंचाचा झाला. मग पुकारणाऱ्यानं शेठचं नाव घेतलं आणि नवरीचा शालू, ब्लाउज, सगळा बस्ता यांच्याच दुकानातला, असं ठणकावून सांगितलं. शेठ शाल पांघरून हात जोडत होता, मंडप टाळ्या वाजवत होता. अक्का दुसऱ्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, उठली आणि न जेवता चालू लागली.

मांडवपरतणीला माहेरी आले, तशी तिच्याकडे गेले. खोटं बोलले, चुकलं माझं, असं कसंबसं म्हणाले. ती चिडली नाही. शेठची सून तिच्याकडेच ब्लाउज शिवायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिल्या ब्लाउजच्या बाह्या आखूड. मग कोपरापर्यंत. मग भर मे महिन्यात मनगटापर्यंत हव्यात म्हणाली. माप घेताना अक्कानं तिचा पदर बाजूला केला होता, दंडावरचे वळ पाहिले होते.

"माले बठ्ठं दिखनं व्हतं," अक्का म्हणाली. "आनि मी काय करं? बाह्या लांब करी दिध्यात."

मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी समजत होते, बाई शेठला शिक्षा देतेय.

मग तिनं ब्लाउज आणायला सांगितला. मी आणून दिला. अक्कानं ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि बाह्यांपासून सुरुवात केली. एकेक टाका उसवला. हूक काढून डबीच्या झाकणात ठेवले, अस्तर सोडवलं. याला तासभर गेला. सगळे तुकडे तिनं नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवले.

"कापड तुनं शे, घर लई जाय," ती म्हणाली. "शिलाई मनी व्हती. ती मी काढी लिधी."