जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

जुना कॉम्प्युटर सुरू केला की पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि पनवेलच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते.

त्याला विंडोज झेपेनासं झालं होतं. मी भंगारात द्यायला निघाले, तर आजारपणात न्हावा शेवा बंदरातली नोकरी सोडून घरी बसलेले आमचे हे म्हणाले, "भंगारात नाय. विंडोज काढून हलकं लिनक्स टाकू. तूच टाक, मी बाजूला बसतो."

पेनड्राइव्ह लावला. मराठीत प्रश्न येत होते, मी वाचून बटणं दाबत होते. अडले तरी हे हात लावेनात. मला रागच आला. मग कॉम्प्युटरने वापरणाऱ्याचं नाव विचारलं.

"तुमचं घालते."

"माझं कशाला? तुझंच घाल."

असं का म्हणाले, ते तेव्हा कळलं नाही.

शेवटी पासवर्ड. "कोनाला सुचनार नाय असा घाल," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. तेच टाइप केलं.

"काय घातलंस?"

"सांगायचं नसतं."

हे हसले. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

आता रोज सकाळी मी त्यांचं नाव घेते. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात.